दातांत धरायची काठी

सोमवार, ११ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे. तो ठेवायचा की खोडायचा, ते तुझ्या उत्तरावर ठरवीन. वहिनीला मात्र माझे आशीर्वाद बिनशर्त. तुझ्यासारख्याशी इतकी वर्षं संसार केला, एवढं कारण पुरे.

शनिवार, ९ मार्च, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मी भिंतीवरच्या घड्याळात पाहिली होती, तेव्हा त्यावर वाद नको. त्या वेळी, माझ्याच गॅलरीत, माझ्याच डोळ्यांदेखत, तू माझं इंजिन म्हणून मला भलतंच इंजिन दिलंस.

आता 'ताई, काहीतरीच काय!' म्हणत फोनकडे धावू नकोस. फोन उचलायचं मी बंद केलं आहे. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. फोनवर माणसं किती सहज पलटतात, ते मला तू सांगायला नको. जे म्हणायचं ते कागदावर, सहीनिशी.

मुद्द्याचं बोलते. अप्पांनी आपल्या दोघा लेकरांना एकेक इंजिन दिलं. दोन्ही एकाच कारखान्यातली, एकाच सालातली, एका सिलिंडरची, दोन हातांनी उचलावी एवढी. वरून पाहिली तर जुळी. आतून नाहीत. तुझ्या इंजिनाचा मधला दांडा, क्रँकशाफ्ट, पितळी बुशांत फिरतो. पोलाद पितळेवर घासतं आणि मध्ये तेल आहे म्हणून निभावतं. माझ्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट दोन्ही टोकांना बॉल बेअरिंगवर, म्हणजे पोलादी गोळ्यांवर चालतो. तशी इंजिनं कमीच निघाली आणि जी निघाली ती लोकांनी भंगारात घातली. म्हणून तुझा माझ्या इंजिनावर डोळा. 'ताईला गोळ्यांवरचं, मला घासणारं' हे तू इतक्यांदा बोलला आहेस की आता वहिनीच तुझं वाक्य पुरं करते.

इंजिन मी स्वतः उघडलं होतं. व्हॉल्व्ह मी घासले, पिस्टनच्या रिंगा मी बदलल्या, कार्ब्युरेटर मी धुतला. बेअरिंगांपाशी येऊन अडले. गोळ्यांवर खड्डे पडले होते, ती बदलायलाच हवी होती, आणि शाफ्टवरून ती ओढून काढायला मनगटात जो जोर लागतो तो माझ्या मनगटाने अलीकडे परत घेतला आहे. तुझ्या वर्कशॉपमध्ये ती दाबून काढायचा प्रेस आहे. म्हणून पेटीसकट तुझ्या हवाली केलं. मांजराच्या पुढ्यात दूध ठेवलं आणि वर सांगितलं, राख हो बाळा!

शनिवारी तू ते आणलंस, टेबलावर ठेवलंस, दोरी गुंडाळलीस, एका झटक्यात सुरू केलंस. धडधड ठीक. पण गुणगुण नव्हती.

तुला माहीत आहे मी कशाबद्दल बोलते. बॉल बेअरिंगचं इंजिन धडधडीच्या मागे एक बारीक सूर धरून असतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गाण्याच्या सिस्टर प्रार्थनेच्या आधी पेटीवर एकच पट्टी दाबून ठेवायच्या, सगळ्या मुली शांत होईपर्यंत, तसा सूर. मी त्या सुरात लहानाची मोठी झाले. आणि माझा कान कसला आहे तेही तुला माहीत आहे. एक्सचेंजमध्ये कुठल्या लाइनमध्ये पाणी शिरलंय हे मी नुसत्या खरखरीवरून सांगायचे. साहेब सगळ्या यंत्रांना बाजूला सारून मला बोलवायचे. रविवारी मी इंजिन पुन्हा चालवलं, एकटीने, शेगडी बंद, खिडक्या बंद. सूर नाही. मुकाट धडधडतंय. बुशाचं इंजिन असंच चालतं.

म्हणजे काय झालं, ते मी सांगते. एक दुकान बंद होताना तू एक जुनी बेअरिंगची जोडी उचलली होतीस, मेणकागदात गुंडाळलेली, कडेवर लहानसं जहाज कोरलेली. किती मिरवली होतीस ती! 'हे माप आता जगात मिळत नाही, ताई. एक दिवस माझ्या इंजिनात बसवीन.' जोडी होती, पण ती ज्यावर बसायची तो क्रँकशाफ्ट नव्हता. आता तो तुला मिळाला. माझा. आणि माझ्या इंजिनात तुझा जुना शाफ्ट, लेथवर वळलेल्या बुशांत बसवून आला. तुला एका दुपारचं काम. १४ एप्रिलला जुन्या यंत्रांचं प्रदर्शन आहे, त्यात तुझं इंजिन गाणार आणि माझं शेजारी धापा टाकणार.

पुरावा हवा? तुझं वागणं हाच पुरावा. एरवी तू इंजिनाशी वाकून, माझ्याकडे पाठ करून बोलतोस. शनिवारी प्रत्येक वाक्याला माझ्या समोर येऊन उभा राहत होतास. लबाड माणूस नजर चुकवतो, हे तुला ठाऊक, म्हणून मुद्दाम नजर भिडवत होतास. मधेच वाकून काहीतरी पुटपुटलास, मी लक्ष दिलं नाही, तर उठलास आणि माझा हात धरून चालत्या इंजिनावर ठेवलास. मी काय लहान मूल आहे? जत्रेतले जादूगार असंच करतात. हात एकीकडे गुंतवायचा आणि नाणं दुसरीकडून काढायचं.

आणखी एक. अप्पांची काठी पेटीत नाही. इंजिनाला टेकवून आतला आवाज ऐकायची काठी, वीतभराहून जास्त लांब, तेलाने काळी झालेली. पेटी दिली तेव्हा होती. तीही ढापलीस का? तुला ती काय कामाची? तू तर परक्या मेकॅनिकांसारखा स्क्रू ड्रायव्हर कानाला लावतोस. आपल्या घराण्यात काठी दातांत धरतात, हे तुला कधी जमलंच नाही.

बाकी ठीक. सगळा बाजारच बिघडला आहे, तू एकटा नाहीस. नवी केटली घेतली, तिला शिट्टी नाही. बदलून आणली, तिलाही नाही. रेडिओ दुरुस्तीला दिला तो आजाऱ्यासारखा होऊन आला. खालच्या मजल्यावरची शिंपीण म्हणे रेडिओ लहान करा. आता याहून लहान म्हणजे बंदच.

शनिवारपर्यंत लेखी उत्तर हवं.

तुझी (अजून तरी) ताई


सोमवार, १८ मार्च

धाकट्या,

तुझं 'लेखी उत्तर' मिळालं. सिगरेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर! म्हणजे सिगरेट सोडली ही बातमीही खोटी. वहिनीला हे कळवायचं की नाही, ते तूर्त माझ्या हातात आहे.

काय लिहिलंस ते तुझंच तुला वाचून दाखवते. 'ताई, गुरुवारी आणि शुक्रवारी, दोनदा येऊन गेलो. बेल वाजवली. दार उघडलं नाहीस. काठी पेटी भरताना माझ्याकडे राहिली होती, खाली शिंपीणबाईंकडे ठेवतो. बेअरिंग तुझंच आहे. विश्वास नसेल तर उघडून बघ.'

दोनदा आलास? गुरुवारी आणि शुक्रवारी? दोन्ही दिवस मी दारापासून दोन पावलांवर खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. तुझी वाट बघत होते असं समजू नकोस. तिथे उजेड चांगला येतो. बेल वाजली असती तर मी काय तिच्याकडे पाहत बसले असते?

शिंपिणीला जाऊन विचारलं. ती तुझ्याच बाजूची निघाली.

"आले होते की तुमचे भाऊ. केवढा वेळ बेल वाजवत होते!"

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? मला इथे खाली मशिनवर बसून ऐकू येत होती."

"मग तुम्हीच वर येऊन दार उघडायचं होतं."

त्यावर ती सुई तोंडातून काढून माझ्याकडे बघत राहिली. मला ती नजर आवडली नाही. हल्ली सगळ्यांनाच ती लागली आहे. केटलीवाल्याला, रेडिओवाल्याला, आणि शनिवारी तुलाही होती. माझ्या मागे काहीतरी शिजतंय. किती जण सामील आहेत तेवढं कळायचंय.

तरी मी एकतर्फी निकाल देणारी नाही. बेल बिघडली असेल, असा तुला संशयाचा फायदा दिला आणि इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बटण दाबलं. "ऐका," म्हणाला. मी म्हटलं, "मला ऐकायला सांगू नका, दुरुस्त करा." पुन्हा दाबलं. म्हणाला, "बाई, वाजतेय की." मी म्हटलं, "तुमची मजुरी बेल वाजल्याची आहे की वाजतेय म्हटल्याची?" तो हत्यारं गोळा करून निघून गेला. मजुरीही न घेता. आता बोल. ज्याने काम केलंय तो माणूस मजुरी सोडतो का?

तू म्हणतोस 'उघडून बघ'. चोराच्या उलट्या बोंबा! तुला ठाऊक आहे की फ्लायव्हीलचं जड चाक ओढून काढायचा पुलर मला एकटीला फिरवता येत नाही. म्हणून हिंमत केलीस. बाहेरून जे तपासता येतं ते मी तपासलं. स्पार्क प्लग काढून फ्लायव्हील हाताने फिरवलं. मोकळं फिरतं, बराच वेळ फिरत राहतं. शाफ्ट आत-बाहेर ढकलून पाहिला. खुळखुळत नाही. पण तू काम वाईट केलंस असं मी कुठे म्हटलंय? चोरी करणारा कारागीर वाईटच असतो असं नाही.

काठी शिंपिणीकडून आणली आहे. अजून गुंडाळलेलीच आहे. काठीने ऐकायचं ते संशय असेल तेव्हा. मला संशय नाही, खात्री आहे. अप्पांची काठी तुझ्या बुशांवर लावून विटाळायची नाही.

पण उघडणार मी आहे. मनगटात जोर नसेल तर लांब नळी आहे, आणि नळी पान्याला लावली की जोर दुप्पट होतो, हे मला अप्पांनी शिकवलं तेव्हा तू चड्डीत होतास. आतून बुश निघालं तर मी ते शाफ्टसकट घेऊन तुझ्या वर्कशॉपमध्ये येईन, आणि जे काही म्हणायचं ते तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणीन.

आपण दोघंच उरलोय रे. अप्पांच्या टेबलावर कोपर टेकून उभं राहिलेलं तिसरं माणूस आता या जगात नाही. एवढं तरी तुझ्या लक्षात असायला हवं होतं.

ताई


रविवार, २४ मार्च

प्रिय धाकट्या,

शुक्रवारी इंजिन उघडलं.

टेबलावर जुनी चादर पसरली, तेल काढलं, नळी लावून फ्लायव्हीलचा नट सोडवला. पुलरवर एकदा मनगट मुरगळलं, ते सुजलं आहे, आणि तरीही अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. झाकणाचे बोल्ट आडवेतिडवे क्रमाने सैल केले, घाई न करता. झाकणाखालचं गॅस्केट तू हाताने कापलं आहेस. भोकांच्या कडा इतक्या स्वच्छ आहेत की मला तिथेच थोडं अस्वस्थ वाटायला लागलं. ज्याला फसवायचं त्याच्यासाठी कोणी इतकं सुरेख कापत नाही. लाकडी मोगरीने चार टिचक्या दिल्या. झाकण सुटलं.

आत माझाच क्रँकशाफ्ट. त्याच्या बाजूला लहानपणी मी खिळ्याने ओढलेली रेघ आहे. अप्पांनी कान धरला होता तीच. आणि दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग. कुठे हातोडीचा व्रण नाही. गरम तेलात तापवून, अलगद सरकवून बसवलेली, अप्पा बसवायचे तशी. फडक्याने कड पुसली.

कडेवर जहाज होतं.

मी खुर्चीवर बसले. दुसरं टोक पुसलं. तिथेही जहाज.

धाकट्या, ती जोडी तू स्वतःसाठी ठेवली होतीस. मी तुला म्हटलं होतं, बाजारात जे मिळेल ते आण. तू नुसतं 'मिळाली' म्हणालास. मी तुला चोर म्हटलं, लबाड म्हटलं, शिंपिणीला तुझी हस्तक ठरवलं, आणि त्या पुठ्ठ्यावर तू फक्त 'बेअरिंग तुझंच आहे' एवढं लिहिलंस. एक शब्द जास्त लिहिला असतास तर पुठ्ठा फाटला असता का?

पण मी इथे थांबले नाही. थांबायचा माझा स्वभाव नाही. बेअरिंग उत्तम, शाफ्ट माझा, मग सूर कुठे गेला? म्हटलं, कुठेतरी मेख आहेच. काल इंजिन सगळं परत बांधलं. मनगटामुळे दिवस गेला. तेल भरलं, आज सकाळी सुरू केलं. धडधड. शिंपीण धावत वर आली, दारात उभं राहून दोन्ही कान झाकून काहीतरी ओरडत होती. तिचं तोंड हलताना दिसलं. मी हात हलवून तिला घालवलं.

सूर नव्हता.

मग काठी काढली. एक टोक बेअरिंगच्या जागी केसिंगला, बाहेरच्या कवचाला, टेकवलं, दुसरं दातांत धरलं. (दात माझे स्वतःचे आहेत. वहिनीचं काय झालं ते विचारणार नाही.)

आणि सूर आला. दातांतून जबड्यात, जबड्यातून कानांच्या मागे, सबंध डोक्यात. गाण्याच्या सिस्टरची पट्टी, जशीच्या तशी, एकसंध, कुठे खरखर नाही. इतकी गोड बेअरिंग मी आजवर ऐकली नाहीत. मला हसू फुटलं आणि काठी सुटली. सूर गेला. नुसती धडधड. पुन्हा धरली, आला. काढली, गेला. वेड्यासारखी किती वेळ तेच करत बसले कोण जाणे. शेवटी पेट्रोल संपून इंजिन आपणहून थांबलं, ते मला हाताला कळलं. टेबल थरथरायचं थांबलं म्हणून.

इंजिनात दोष नाही, हे मी मान्य करते. खाली सही आहे.

दोष कुठे आहे, तेही कळण्याइतकी मी शहाणी आहे. केटलीवाल्याकडे जावं लागणार. तिसरी केटली परत घेताना तो बिचारा मला 'वाफ दिसते का बघत जा' म्हणाला होता, आणि मी त्याला भर दुकानात सुनावलं होतं. इलेक्ट्रिशियनची मजुरी द्यायची आहे. गॅलरीतली पाखरं सकाळी चोच उघडतात आणि गप्प बसतात, याचं मी हवेला कारण देत होते. कशाकशाला काय काय कारणं दिली, ते लिहीत बसले तर शाई पुरायची नाही.

पण पत्र त्यासाठी नाही.

इंजिन थांबल्यावर काठी हातात घेऊन नुसती पाहत बसले. दातांच्या टोकाला खुणा आहेत. वरवरच्या माझ्या, त्या मला ओळखू येतात. त्यांच्या खाली अप्पांच्या. त्या कशा आहेत ते तू कधी पाहिलं आहेस का? लाकूड दोन्ही बाजूंनी कुरतडल्यासारखं खोल गेलंय. नुसती धरून इतकं होत नाही. माणसाने जीव खाऊन दात रोवले तरच होतं. एवढं दाबून त्यांना काय ऐकायचं होतं, धाकट्या?

बाकीचे मेकॅनिक काठी कानाला लावायचे. अप्पा म्हणायचे, "कान मळलेला असतो, दात आपण रोज घासतो." आपण हसायचो. मी ते ब्रह्मवाक्य धरलं. एक्सचेंजमध्ये मुलींना सांगायचे, आमच्या घराण्याची पद्धत आहे, कानापेक्षा दात पक्का. जन्मभर तुझी टर उडवली, की तुला ती पद्धत जमली नाही. तुला जमायची गरजच नव्हती.

गिऱ्हाईक आलं की अप्पा मला हाक मारायचे, आठवतं? "हे काय म्हणतात, जरा मोठ्याने सांग बघू." गिऱ्हाईक म्हणायचं, पंप पाणी ओढत नाही. मी सिस्टरांनी शिकवलेल्या खणखणीत आवाजात म्हणायचे, पंप पाणी ओढत नाही. गिऱ्हाईक कौतुकाने हसायचं. मला वाटायचं, मुलगी चारचौघांत बोलायला शिकावी म्हणून अप्पा मला पुढे करतात. मला वाटायचं, मी त्यांची लाडकी आहे. तुलाही तेच वाटायचं, म्हणून तू रुसून मागे पान्यांशी खेळत बसायचास.

बुशाच्या इंजिनाला काठी लावली तर काय ऐकू येतं? काही नाही. म्हणजे दोघांपैकी एकच इंजिन अप्पांना शेवटपर्यंत ऐकू येत होतं. ते त्यांनी मला दिलं. का, ते मला माहीत नाही. लाडकी म्हणून असेल. माझ्यात काही दिसलं होतं म्हणूनही असेल. आज दिवसभर यावर विचार केला आणि मनगट जास्तच दुखायला लागलं.

आता माझा संशय. तो गेलेला नाही, जागा बदलून बसला आहे.

तुला माहीत होतं. त्या शनिवारी तू माझ्या समोर येऊन बोलत होतास, कारण मी तुझे ओठ बघत होते, आणि मी तुझे ओठ बघते हे माझ्याआधी तुला कळलं होतं. तू वाकून काहीतरी विचारलंस, मी उत्तर दिलं नाही, तेव्हा तू उठून माझा हात इंजिनावर ठेवलास. तू मला ते जसं ऐकता येईल तसं ऐकवत होतास. मी त्याला जादूगाराची लबाडी म्हटलं. तू ते वाचलंस आणि तरीही त्या टीचभर पुठ्ठ्यावर बेअरिंगबद्दल लिहिलंस! बेलबद्दल लिहिलंस, 'दार उघडलं नाहीस' असं. 'ऐकू आली नाही' असं नाही. इतका जपून शब्द वापरणारा तू कधीपासून झालास?

मला तुझं जपणं नको आहे. तुझी बेअरिंग घेईन, जपणं घेणार नाही. सगळं गाव माझ्याकडे त्या नजरेने बघत होतं आणि माझा सख्खा भाऊ गप्प होता, हे मला लागलंय. भांडला असतास तर बरं वाटलं असतं. 'ताई, तू बहिरी झालीस' असं तोंडावर म्हणाला असतास तर मी तुला घराबाहेर काढलं असतं, दोन दिवस जेवले नसते, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेले असते. तू मला ते दोन दिवससुद्धा दिले नाहीस.

की तू अप्पांकडूनच हे शिकलास? त्यांचंही तुला माहीत होतं का? मागे पान्यांशी बसून तू पाहत होतास का, की ताई पुढे उभी राहून त्यांचे कान झाली आहे आणि तिला पत्ता नाही? वहिनीला माहीत आहे का? आपण जेवायला बसतो तेव्हा ती हल्ली माझ्या उजव्या हाताला बसते. पूर्वी डाव्या हाताला बसायची. मला वाटलं होतं, पंख्याचं वारं लागतं म्हणून.

या प्रश्नांची उत्तरं मला हवी आहेत. गोड शब्दांत नकोत.

शुक्रवार, ५ एप्रिलला सकाळी अकराला कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. शिंपिणीने माझ्या वतीने फोन केला. हो, तिच्याशी समेट झाला. ती दुष्ट नाही, फक्त तोंडात सुया धरून बोलते, आणि आता कळलं की तिचं बोलणं मला एवढं अवघड का जायचं. डॉक्टर म्हणे भराभर बोलतात आणि कागदात मान घालून बोलतात. तेव्हा माझ्या शेजारी एक माणूस हवा, जो डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून माझ्याकडे तोंड करून मोठ्याने सांगेल. सगळं सांगेल. वाईट असेल तेही, मधलं काही न गाळता. मी अप्पांसाठी कधी एक शब्द गाळला नव्हता. गिऱ्हाइकाने शिवी दिली तरी तीही सांगायचे.

ते तुला जमणार असेल तर ये. गाळणार असशील तर शिंपिणीला नेते.

प्रदर्शनाचं म्हणशील तर दोन्ही इंजिनं एका टेबलावर राहतील. माझ्या इंजिनापुढे पाटी लावणार आहे: बेअरिंग धाकट्या भावाची. आणि काठी जवळ ठेवीन. मला वाटेल तेव्हा चारचौघांत दातांत धरीन. कोणाला हसायचं असेल त्याने हसावं, आपण नव्हतो का हसलो?

उत्तर लेखी दे. पुठ्ठ्यावर नको, कागदावर, आणि तुझ्या त्या कोंबडीच्या अक्षरात का होईना, पण पूर्ण: अप्पांचं माहीत होतं का, माझं कधीपासून माहीत आहे, आणि पाच तारखेला येणार की नाही. मंगळवार, २ एप्रिल, संध्याकाळी सहाच्या आत ते माझ्या हातात पडलं पाहिजे. फोन करू नकोस. का, ते तुला आधीपासून ठाऊक आहे, आणि आता मलाही. स्वतः घेऊन आलास तर बेल दाबत उभा राहू नकोस. दाराला कडी नसेल. सरळ आत ये, माझ्या समोर उभा राहा, मग बोल.

पहिल्या पत्रातला आशीर्वाद खोडलेला नाही.

तुझी
ताई